अमेरिकी रेल्वे कामगारांचा कर्करोग आणि भरपाईचा कायदा : पार्श्वभूमी

अमेरिकेत बहुतेक उद्योगांतील कामगाराला कामावर इजा झाली, तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते. रेल्वे कामगाराला मात्र १९०८ च्या केंद्रीय कायद्यानुसार कंपनीचा निष्काळजीपणा न्यायालयात दाखवावा लागतो. या कायद्यात ‘इजा’ हा शब्द होता, रोगाचा उल्लेख नव्हता, आणि पुढचे बरेच वाद या एका शब्दाभोवती फिरले.

चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर सोडल्या जाणाऱ्या वाळूची धूळ सुमारे तीस वर्षे छातीत गेल्याने एका फायरमनला (वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या कामगाराला) सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग झाला. त्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४९ मध्ये ठरवले की इजेत व्यवसायजन्य रोगही येतो आणि दाव्याची मुदत तो रोग प्रकट झाल्यापासून मोजायची. ही मुदत ३ वर्षांची आहे. ती धूळ पहिल्यांदा छातीत गेली त्या दिवसापासून मोजली असती, तर कर्करोगाचा जवळपास एकही दावा उभा राहिला नसता. पुढे १९५७ मध्ये, निष्काळजीपणाचा वाटा अगदी अल्प असला तरी तो प्रश्न ज्युरीपुढे जावा, असेही ठरले.

खरा पेच पडला तो ‘कर्करोगाची भीती’ या नुकसानीवर. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाखालच्या बोगद्यांत वाफेच्या नळांवरचे कर्करोगकारक तंतुमय खनिजाचे, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचे आवरण काढणारे कामगार धुळीने इतके पांढरे होत की त्यांना ‘हिममानव’ म्हटले जाई. त्यांच्यापैकी एकाने भीतीची आणि आयुष्यभराच्या वैद्यकीय तपासण्यांच्या खर्चाची भरपाई मागितली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला, कारण त्याला रोगाचे कोणतेही लक्षण नव्हते. नुसती धूळ अंगावर पडणे ही शारीरिक इजा मानता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

सहा वर्षांनी, २००३ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातून आलेल्या प्रकरणात सहा माजी कामगारांना त्याच धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसिस झालेला होता. कर्करोग कोणालाच झालेला नव्हता. तरीही, फुप्फुसे एकदा खराब झालेल्या माणसाला पुढच्या कर्करोगाची वाटणारी भीती ही त्याच्या दुखण्याचाच भाग आहे आणि ती खरी व गंभीर असल्यास तिची भरपाई मिळू शकते, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. आज भीतीपोटी पैसे वाटले, तर उद्या ज्यांना खरोखर कर्करोग होईल त्यांच्यासाठी काही उरणार नाही, असा अल्पमताचा आक्षेप होता. तो निराधार नव्हता. अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांनी अनेक कंपन्या तेव्हा दिवाळखोरीत निघाल्या होत्या. पण रोज रात्री धाप लागणाऱ्या माणसाला ‘कर्करोग झाल्यावर या’ असे सांगण्यात कोणता न्याय होता, याचे समाधानकारक उत्तर त्या आक्षेपात सापडत नाही.

त्याच निकालात न्यायालयाने एकमताने आणखी एक गोष्ट ठरवली, जिची चर्चा फार कमी होते. कामगाराला इतरत्रही अ‍ॅस्बेस्टॉसची बाधा झाली असेल, तरी तेवढा वाटा रेल्वे कंपनीला त्याच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. कंपनीने पूर्ण रक्कम द्यावी आणि इतर जबाबदारांकडून त्यांचा वाटा वसूल करावा. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा असेल, तर मात्र त्या प्रमाणात रक्कम कमी होतेच.

अलीकडचे दावे अ‍ॅस्बेस्टॉसपुरते उरलेले नाहीत. डिझेलच्या धुराला १९८८ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ मानले गेले होते, ते वर्गीकरण २०१२ मध्ये निश्चितीत बदलले आणि इंजिनांजवळ, यार्डात राबलेल्या माणसांच्या दाव्यांना बळ मिळाले. पण त्याच वर्षी उलट दिशेचाही एक निकाल आला. १९४७ ते १९७४ या काळात बॉयलरचे आवरण काढणाऱ्या आणि इंजिनांना ब्रेक शू (चाकांवर दाबून गाडी थांबवणारे भाग) बसवणाऱ्या एका वेल्डरला २००५ मध्ये मेसोथेलिओमा हा अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग झाल्याचे कळले. त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाने सुटे भाग पुरवणाऱ्यांविरुद्ध राज्याच्या कायद्याखाली चालवलेला दावा, इंजिनांच्या रचनेवर फक्त केंद्रीय कायद्याचा अधिकार आहे, या कारणाने फेटाळला गेला.