भाताने वजन वाढतं, पोळीने नाही?

‘भात सोडा, पोळी खा, वजन आपोआप उतरेल.’ हा सल्ला बहुतेक घरांत कधी ना कधी पोहोचलेला असतो.

स्वयंपाकघरातच पडताळून पाहता येईल. तांदूळ आणि कणीक, दोन्ही पाकिटांवरचा पोषणाचा तक्ता वाचा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात आणि तेवढ्याच कणकेत साधारण ३५० कॅलरीच असतात, थोडं इकडेतिकडे. शिजताना तांदूळ पाणी पितो, म्हणून १०० ग्रॅम भातात जेमतेम १३० उरतात. ३० ग्रॅम कणकेची एक पोळी शंभराच्या आसपास जाते. वर चमचाभर तेल लावलं तर आणखी ४५.

मग भात सोडल्यावर काहींचं वजन खरंच उतरतं, ते कसं? तो अनुभव खोटा नाही. मऊ भात वरण-तुपाबरोबर पटकन संपतो, पुन्हा वाढून घेतला जातो, आणि किती खाल्ला ते मोजलं जात नाही. पोळ्या मोजल्या जातात. भात बंद झाला की एकूण जेवणच कमी होतं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही वेळा भात खाऊन शेतात राबणारी माणसं काटक होती, हेही आठवावं.

कणकेत तंतू जास्त असतात, हे मात्र खरं. मधुमेह असेल तर रक्तातल्या साखरेचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

आठवडाभर तांदूळ आणि कणीक कच्चेच वजन करून घ्या, तेलाचे चमचेही मोजा. जास्तीचं कुठून येतंय ते आकड्यांतच दिसेल.