पार्श्वभूमी: तळ्याच्या पाण्याचा भागाकार

शाळेच्या पुस्तकात पाण्याचे दोन प्रकार असायचे, सुफेन आणि दुष्फेन. फेन म्हणजे फेस. साबणाला चांगला फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मात्र हे शब्द कुणी वापरत नाही. तिथे पाणी ‘जड’ असतं, नाहीतर ‘मचूळ’. म्हसवडकडच्या आमच्या आत्याच्या घरी तूरडाळ चिमूटभर खायचा सोडा टाकल्याशिवाय शिजत नसे. तीच आत्या साताऱ्याला आली की कास तलावाच्या पाण्याने केस धुताना कुरकुर करायची, साबण निघता निघत नाही म्हणून.

एकाच जिल्ह्यात एवढा फरक कसा? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. कासच्या पठारावर वर जांभा आहे. त्यातलं विरघळण्यासारखं जे होतं ते युगानुयुगांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेलं, त्यामुळे आजच्या पाण्याला तिथे उचलायला फारसं काही मिळत नाही. माणमधलं पाणी काळ्या पाषाणाच्या फटींतून रेंगाळत झिरपतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेत येतं. शिवाय उन्हाने पाणी उडतं, क्षार मागे राहतात. डाळ अडते ती याच कॅल्शियममुळे.

हा जडपणा आकड्यात कसा आला, याचं मूळही साबणातच आहे. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याने पाणी मऊ करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पाणी किती जड आहे हे ठरवायची त्यांची रीतही साधी होती. बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाचं ठरावीक ताकदीचं द्रावण थोडं थोडं घालत बाटली हलवायची, आणि फेस टिकला की किती द्रावण लागलं ते मोजायचं. उत्तर ‘गॅलनला इतके ग्रेन’ असं यायचं; ग्रेन हे जुनं इंग्रजी वजन. म्हणजे आपला ‘दुष्फेन’ हा शब्द एका परीक्षेचा निकालच आहे.

साबणाची जागा शंभर वर्षांनी ईडीटीएने घेतली, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला घट्ट पकडून ठेवणाऱ्या एका रसायनाने. झुरिकचे गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि आजही कॉलेजात तीच करतात. शंकूपात्रात पन्नास मिलिलिटर पाणी, त्यात आम्लता स्थिर ठेवणारं बफर, आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक. रंग रेड वाइनसारखा लाल होतो. ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए थेंबाथेंबाने सोडत जायचं. लाल जांभळा होतो, जांभळ्यात काही थेंब उगाच रेंगाळतो आणि मग एका थेंबाला स्वच्छ निळा. ०.०१ मोलरच का, तर त्याचं एक मिलिलिटर बरोबर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचा हिशेब देतं. समजा बारा मिलिलिटर लागलं, तर पन्नास मिलिलिटर पाण्यात बारा मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला २४०. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक २०० मागतं. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. आम्ही पोरं त्या निळ्या थेंबापुढे जाऊन पोचायचो आणि मग वहीतला आकडा शेजाऱ्याकडून घ्यायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

घाणीचं मोजमाप दुसऱ्याच वाटेने आलं. इंग्लंडमध्ये सांडपाण्यासाठी १८९८ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालातून बीओडीची, म्हणजे ‘जैविक ऑक्सिजन मागणी’ची, कसोटी रुळली: पाच दिवस, ६५ अंश फॅरनहाइट, तेवढ्यात जंतूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते पाहायचं. पाचच दिवस का? तिकडच्या नद्या तेवढ्यात समुद्राला मिळतात म्हणून, असं सांगितलं जातं. महाबळेश्वरला उगम पावून चौदाशे किलोमीटर चालणाऱ्या आपल्या कृष्णेला हा हिशेब लागू पडणं कठीणच. भारतीय मानकाने पुढे २७ अंश सेल्सिअस आणि तीन दिवस असं ठरवलं, कारण इथल्या उकाड्यात जंतू भराभर कामाला लागतात. पण त्या अहवालातली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. सांडपाण्याला लिटरमागे वीस मिलिग्रॅम बीओडीची मुभा देताना आयोगाने गृहीत धरलं होतं की त्याच्या एका भागात नदीचं निदान आठ भाग स्वच्छ पाणी मिसळणार आहे.

तळ्याला हे आठ भाग कुठून मिळायचे? तिथे भाजक ठरलेला असतो, आणि मे महिन्यात तो आपणहून लहान होतो.

साताऱ्यातलं मंगळवार तळं किंवा मोती तळं डोळ्यांपुढे आणा आणि मापाला सोपं असं एक मनातलं तळं घ्या: शंभर मीटर लांब, पन्नास रुंद, दोन खोल. म्हणजे एक कोटी लिटर. त्यात विसर्जनाच्या एका मूर्तीचं दहा किलो प्लास्टर ऑफ पॅरिस पूर्ण विरघळलं तर लिटरला एक मिलिग्रॅम वाढ. एका मूर्तीने काही कळणारसुद्धा नाही. हजार मूर्ती आल्या की तेच हजारावर जातं, आणि जिप्सम (पाण्यात भिजलेलं प्लास्टर म्हणजे तेच) लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणजे तळ्याची अजून जिरवायची तयारी असते. न विरघळलेला गाळ तळाशी बसतो तो वेगळाच.

फॉस्फरसचा भागाकार मात्र निराळा. लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की तळं हिरवं होण्याकडे झुकतं. एक कोटी लिटरला हे होतात फक्त तीनशे ग्रॅम, दोन-तीनशे माणसांच्या एका दिवसाच्या सांडपाण्यातला ऐवज. कॅनडात १९७३ मध्ये ‘लेक २२६’ नावाच्या तळ्याच्या मधोमध पडदा ताणून दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस फक्त एका बाजूला. ती बाजू शेवाळाने हिरवी झाली, दुसरी तशीच राहिली. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री खातं, म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे. माणसं सकाळी मेलेले मासे पाहून ‘कुणीतरी विष टाकलं’ म्हणतात.

मूर्तींवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तोडगा काढला तो अमोनियम बायकार्बोनेटचा. त्याच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती विरघळते, खाली चुनखडीसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं. बादलीतलं हे पाणी पातळ करून झाडांना घातलं तर खत. फॉस्फरस आधीच असलेल्या तळ्यात ओतलं तर शेवाळाचं जेवण.

परवा घरी आरओ विकणारा एक मुलगा आला होता. पेनासारखा मीटर ग्लासात बुडवून म्हणाला, ‘काका, ऐंशी! एकदम शुद्ध.’ तो मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढं पाहतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. फॉस्फरसचे ते तीनशे ग्रॅम एक कोटी लिटरमध्ये असते तरी त्याने ऐंशीच दाखवलं असतं.