सिग्मा भारी, पाय कच्चा? एका वजाबाकीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये हे वाक्य हमखास कानावर पडतं: सिग्मा बंध भारी, पाय बंध कच्चा. सिग्मा आणि पाय हे अणूंना जोडणाऱ्या बंधांचे दोन प्रकार; दुहेरी बंधात दोन्ही एकेक असतात. सीईटीपुरतं ते वाक्य पुरतंही. पण त्यामागे साठ-सत्तर वर्षांची खटपट आहे.

१८६०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ दुहेरी बंध दोन रेघांनी दाखवू लागले. दोन्ही रेघा सारख्याच. १८७४ मध्ये २२ वर्षांच्या व्हान्ट हॉफने कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे वळवले. दुहेरी बंध म्हणजे अशा दोन चतुष्फलकांची सामाईक कडा. दुहेरी बंधाभोवती रेणू सहज का फिरत नाही, हे त्यातून उलगडलं. मग दुहेरी बंधाच्या एथिलीनवर ब्रोमीन लगेच तुटून पडतो आणि एकेरी बंधांचं इथेन मात्र ढिम्म, हे कसं? १८८५ मध्ये बायरने याचं खापर वाकवलेल्या बंधांमधल्या ताणावर फोडलं.

१९१६ मध्ये लुईसने रेघेच्या जागी इलेक्ट्रॉनांची जोडी आणली, तरी दोन जोड्यांत भेद नव्हता. तो केला एरिख ह्युकेलने, १९३० मध्ये. एक जोडी, म्हणजे सिग्मा, दोन अणुकेंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर; दुसरी, म्हणजे पाय, त्या रेषेच्या वर-खाली. पहिलीत कक्षक (इलेक्ट्रॉन जिथे असण्याची शक्यता जास्त ते भाग) समोरासमोर भिडतात, दुसरीत नुसते बाजूने टेकतात, म्हणून अतिव्यापन, म्हणजे एकमेकांत मिसळणं, कमी. सिग्मा-पाय ही अक्षरं द्विअणू रेणूंच्या वर्णपटांच्या अभ्यासातून आली. गंमत म्हणजे रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंगला दोन सारखे, वाकडे बंधच पसंत होते. त्या चित्रात कोण भारी हा प्रश्नच उरत नाही.

आता आकडे. दोन कार्बनांमधला एकेरी बंध तोडायला लागणारी ऊर्जा सुमारे ३४७ किलोज्यूल प्रति मोल, दुहेरीची ६१४. वजा केलं की २६७ उरतात; ते पायच्या नावावर लिहिले जातात. हिशेब ढोबळ आहे, कारण एथिलीनमधला सिग्मा आखूड असतो, म्हणजे इथेनमधल्यापेक्षा मजबूतच. तरी एथिलीनला पीळ देऊन पाय मोडायला साधारण तेवढीच, २७० च्या आसपास ऊर्जा लागते, त्यामुळे वजाबाकी अगदीच फसवी नाही.

फसतो तो नियम, कार्बन सोडला की. नायट्रोजनचा एकेरी बंध जेमतेम १६०, कारण दोन्ही अणूंवरच्या एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना ढकलतात. दुहेरी ४१८, तिहेरी तब्बल ९४५. इथे वजाबाकीत पायच वरचढ ठरतो. शिरोळ-करवीरच्या उसाला पडणाऱ्या युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो नायट्रोजन असतो. तो हवेतूनच घेतलेला. पण हा तिहेरी बंध फोडायला कारखान्यात लोहाचा उत्प्रेरक, शंभरावर वातावरणांचा दाब आणि ४०० अंशांच्या वरचं तापमान लागतं.