गाडी उचलली, पण गोळा तिथेच

गळीत हंगामात करवीर-कागलकडच्या उसाच्या फडातून पिकअप बाहेर काढणाऱ्याला एक आवाज चांगलाच ओळखीचा असतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत चाकं उतरतात आणि मधला मातीचा उंचवटा गाडीच्या पोटाला खरडत जातो. मग गाडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, गॅरेजवर येते आणि मालक म्हणतो, "मिस्त्री, दोन इंच उचला. पण जरा स्वस्तात बसवा."

स्वस्तात दोन इंच उचलता येतात. मात्र खरडतंय काय, हे आधी खाली वाकून बघावं. बहुतेक वेळा तो मागच्या ॲक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या कण्याच्या) मधला, इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणारा डिफरन्शियलचा गोळा असतो, आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कितीही उचलले तरी तो तसूभर वर जात नाही. ॲक्सलचा भार टायरवर असतो आणि पाटे ॲक्सलवर. त्यामुळे पाटे उचलले की चॅसी, हौदा, डिझेलची टाकी वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा हवा. त्यातही टायरचा व्यास दोन इंचांनी वाढवला तर गोळा एकच इंच वर येतो, कारण जमिनीपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे टायरची त्रिज्या. वर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि करूळ घाटात भरलेली गाडी लवकर दम टाकते.

पोटाखालची बाकीची सामग्रीच घासत असेल, तर पाट्यांकडे वळू. पाट्यांच्या जुडग्यात वरचा पाटा लांब आणि खालचे आखूड होत जातात. वाकवणारा जोर मध्यावर सर्वाधिक असतो, म्हणून तिथे पाट्यांची थप्पी जाड. स्प्रिंग जोराच्या प्रमाणात दबते, हे रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापून सांगितलं. किती जोराला किती दबेल, हे पाट्याच्या ताठरपणावर ठरतं. ५ पाट्यांत त्याच मापाचा सहावा घातला तर ताठरपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तेवढ्याच भाराला गाडी कमी दबते आणि उंच राहते. जाडीचं गणित मात्र घनाचं आहे. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा घेतला, तर तो एकटा जवळजवळ दुप्पट ताठर होतो. म्हणूनच "जरा जाड पाटा टाका" म्हणणाऱ्याची रिकामी गाडी पुढे प्रत्येक खड्ड्यावर उडते.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळी मेख इथेच आहे. पाट्याचं पोलाद साधारण ८५० अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवलेलं आणि मग ४५०-५०० अंशांवर पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं. कुणी गॅसने लालभडक करून, घणाने वाकवून तसंच हवेत गार होऊ दिलं, तर तो पाणी (कडकपणा) उतरलेला पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा दबून बसतो. तेलाचा हौद आणि भट्टी दिसत नसेल, तर तिथे काम न दिलेलं बरं.

शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) लांब केली तर निम्मीच उंची मिळते. पाट्याचं एकच टोक खाली सरकतं आणि ॲक्सल मध्यावर असतो. ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा घातला तर ताठरपणा न बदलता पूर्ण उंची मिळते. पण ठोकळ्यावर सेंटर बोल्टचं (पाटे मध्यावर एकत्र बांधणाऱ्या बोल्टचं) डोकं नेमकं बसेल असं भोक आणि खाली तशीच पिन हवी. पुढच्या ॲक्सलला ठोकळा नकोच. जोरात ब्रेक मारल्यावर ॲक्सल पिळला जातो आणि ठोकळ्याची उंची त्या पिळाला आणखी तरफ देते.

उंचीची किंमत वळणावरही मोजावी लागते. दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरला, तर ढोबळ हिशेबाने गाडी उलटवायला तिच्या वजनाइतकं आडवं बळ लागतं. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर वर गेला की सुमारे ७ टक्के कमी बळही पुरतं. वर गुळाच्या रव्यांची (ढेपांची) उंच थप्पी असेल, तर हिशेब आणखी बिघडतो.

माझं मत विचाराल तर आधी पट्टी घ्या. सपाट जागेवर रिकाम्या गाडीच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि तशाच नव्या गाडीशी ताडून बघा. दहा वर्षं माल ओढलेल्या गाडीचे पाटे बसलेलेच असतात. मूळ मापाचे पाटे आणि त्यांच्या टोकांतले नवे बुश टाकले की बरीच उंची परत येते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चाही प्रश्न येत नाही. कंपनीच्या मूळ तपशिलापासून नोंदणी पुस्तकातली माहिती वेगळी पडेल असा बदल ते कलम करू देत नाही.

तरीही उचललीच, तर एक दांडी विसरू नका. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह हौदा किती दबलाय यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. हौदा वर गेला की त्याला भरलेली गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. ती दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घालावेत आणि शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्यावेत, तेही टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. तो पाना अनेक वर्कशॉपमध्ये असतो, फक्त काढायला सांगावा लागतो.