घड्याळचोर शिपाई आणि काळ्या बोची मुलगी

१८७१ नंतरच्या फ्रेंच व्यंगचित्रांत एक जर्मन शिपाई पुन्हा पुन्हा भेटतो. डोक्यावर टोकदार शिरस्त्राण, झुबकेदार मिशा आणि काखेत दिवाणखान्यातलं शोभेचं घड्याळ. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाच्या, म्हणजे तिथल्या प्रमुख जर्मन राज्याच्या, सैनिकांनी फ्रेंच घरांतली घड्याळं पळवली, असा तेव्हा बोभाटा होता. खरोखर किती गेली, याच्याशी चित्रकारांना देणंघेणं नव्हतं. 'घड्याळचोर' ही शिवी रूढ झाली आणि १९१४ साली पुन्हा युद्ध पेटल्यावर तेच घड्याळ जर्मन शिपायाच्या काखेत परत आलं.

मूळ जखम खोल होती. सप्टेंबर १८७० मध्ये सेदाँच्या लढाईत फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन शत्रूच्या हाती लागला. १८ जानेवारी १८७१ रोजी, फ्रेंचांच्याच व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. मे महिन्यात फ्रँकफुर्टचा तह झाला, त्यात पाच अब्ज फ्रँकची भरपाई फ्रान्सवर लादली गेली आणि सीमेवरचा अल्सास प्रांत व शेजारच्या लोरेनचा काही भाग जर्मनीने घेतला. पैसे १८७३ पर्यंत फिटले. अल्सास मात्र जर्मनीकडेच राहिला.

१८७१ च्या त्याच जानेवारीत म्हाताऱ्या फ्रेंच व्यंगचित्रकार दोमिएने 'शारिवारी' या व्यंगपत्रासाठी एक चित्र काढलं होतं. नवं वर्ष बाईच्या रूपात प्रेतांनी भरलेल्या मैदानात उभं आहे आणि तिने तोंड झाकून घेतलं आहे. त्यात शत्रू कुठेच नाही, नुसता शोक आहे. मला ते या सगळ्या काळातलं सर्वांत मोठं चित्र वाटतं. पुढच्यांनी मात्र शोकाला चेहरा दिला. अल्सास म्हणजे डोक्यावर मोठा काळा बो बांधलेली मुलगी, आणि त्या बोवर फ्रान्सचं तिरंगी फूल. पोस्टकार्डांवर, पोस्टरांवर, मासिकांत ती वाट बघत उभी असे. घरोघरची मुलं तिला ओळखत.

जर्मन बाजूलाही कुंचले होतेच. बर्लिनच्या 'क्लाडेराडाच' या व्यंगपत्राने जर्मन चान्सेलर बिस्मार्कच्या टकलावर काढलेले तीन केस देशभर प्रसिद्ध झाले. म्युनिकचं 'सिम्प्लिसिसिमुस' हे व्यंगसाप्ताहिक १८९६ साली निघालं. स्वतःच्याच कैसरची टर उडवल्याबद्दल त्याचा चित्रकार थॉमस थेओडोर हाइने तुरुंगात गेला. इतकं निर्भय साप्ताहिक, पण १९१४ च्या ऑगस्टमध्ये तेही सरकारच्या सुरात सूर मिसळून शत्रूवर तुटून पडलं. हे वाचताना आजही वाईट वाटतं.

या गोष्टीतला सर्वांत गुंतागुंतीचा माणूस अल्सासमधल्या कोलमार गावचा. जाँ-जाक वाल्ट्झ, टोपणनाव 'हान्सी'. जन्म १८७३ चा, म्हणजे जन्मापासून जर्मन प्रजा. त्याची चित्रं पाहिली की आधी लोभच जडतो. उतरत्या छपरांवर करकोचे, काळे बो बांधलेल्या पोरी, गल्लीतून चाललेली बदकं. मग कोपऱ्यात तो दिसतो, हिरव्या कपड्यांतला, जाड चष्म्याचा, टोपीत पीस खोचलेला जर्मन पर्यटक. अल्सासचा इतिहास त्याने १९१२ साली लहान मुलांसाठी सचित्र लिहिला. ही चित्रं जर्मनांचं मन वळवण्यासाठी नव्हतीच. ती आपल्याच घरातल्या पोरांसाठी होती, आणि प्रचाराची खरी ताकद तिथेच होती. गोड गावाच्या चित्रातून आलेला तिरस्कार मुलाला तिरस्कार वाटतच नाही.

जर्मन सरकारला हे बरोबर कळलं. जुलै १९१४ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने हान्सीला एक वर्षाची शिक्षा ठोठावली. तो निसटून फ्रान्समध्ये गेला आणि काही आठवड्यांतच युद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच सैन्यात दाखल झाला. पुढे शत्रूच्या हद्दीत विमानातून टाकायच्या पत्रकांचं काम त्याच्याकडे आलं. १९१८ मध्ये अल्सास फ्रान्सकडे परतला, हान्सीही कोलमारला परतला.

जर्मनी त्याला विसरली नव्हती. १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धात त्याला पुन्हा गाव सोडावं लागलं. १९४१ साली फ्रान्समधल्या आजाँ शहरात गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, माणसांनी साठी ओलांडलेल्या या चित्रकाराला मरणाच्या दारी पोचेपर्यंत मारलं. तो वाचला, स्वित्झर्लंडला गेला, आणि युद्धानंतर कोलमारलाच येऊन १९५१ मध्ये वारला.