बीपी मोजताना हात कुठे होता?

नंबर लागतो, पेशंट खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच दंडाला पट्टा गुंडाळला जातो. "काय होतंय?" उत्तर देता देता यंत्र वाजतं आणि आकडा येतो, १५२/९४. या आकड्यात रक्तदाब किती आणि घाई किती, हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही. गोळी मात्र बहुतेकदा याच आकड्यावर चालू होते.

मोजताना बोललं, तर वरचा आकडा १० पर्यंत चढू शकतो. लघवी तुंबलेली असेल तर तेवढाच, कधी जास्तही. पाठ टेकलेली नाही, पायावर पाय टाकलेला आहे, असं झालं की आणखी थोडी भर पडते. जिना चढून आल्यावर किंवा चहा, तंबाखू, मिश्री यानंतर अर्धा तास तरी मोजूच नये. आधी ५ मिनिटं गप्प बसायचं, मोबाईल बाजूला ठेवून. एवढं साधं पथ्य, पण सगळ्यात कमी पाळलं जाणारं.

सर्वात फसवा असतो तो हात. रक्त हा द्रव आहे. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा खाली असला, तर मधल्या उंचीच्या रक्ताचं वजनही यंत्र मोजतं. रक्तदाब मोजतात पाऱ्याच्या उंचीत, मिलिमीटरमध्ये. पारा रक्ताच्या सुमारे १३ पट जड, म्हणजे १० सेंटिमीटर खाली असलेला पट्टा जवळजवळ ८ मिमी जादा दाखवणार. पट्टा वर गेला तर तेवढंच कमी. हात बाजूला लोंबत सोडला किंवा मांडीवर ठेवला की दंड खालीच असतो. हात अधांतरी धरला तर स्नायूंवर ताण येतो आणि तोही आकडा वाढवतो. म्हणून हात टेबलावर हवा, टेबल बुटकं असेल तर खाली उशी किंवा घडी केलेली चादर. पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या साधारण मध्याशी यायला हवा. तळहात वर, मूठ सैल.

आता पट्टा. (यंत्रावर त्याला 'कफ' म्हणतात, त्यामुळे "कफ लहान आहे" हे ऐकून काही आजोबा खोकून दाखवतात.) इटलीचे डॉक्टर रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडाला बांधायचा पट्टा बनवला, तेव्हा तो जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता आणि आकडे जादाच दाखवायचा. १९०१ मध्ये जर्मन डॉक्टर फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी तो रुंद करायला हवा हे दाखवून दिलं. सव्वाशे वर्षं झाली, चूक तीच चालू आहे. जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला तर आतली हवेची पिशवी धमनीला सगळीकडून सारखी दाबत नाही, जास्त हवा भरावी लागते आणि नसलेला रक्तदाब दिसतो. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. यंत्राच्या डब्यावर आकडे छापलेले असतात. घेर ३५ आला तर मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या २ बोटं वर, आत २ बोटं जातील इतपत सैल. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की तीच दंडाला करकचून आवळते, आणि मग पट्टा नीट बांधूनही उपयोग नाही. अशा वेळी बाही काढूनच मोजावं. मनगटाची यंत्रं सोयीची असली तरी हाताच्या उंचीबाबत फार हळवी असतात. दंडाचंच यंत्र घ्यावं. पहिल्या वेळी दोन्ही हात मोजा आणि पुढे जास्त आकडा येणारा हात कायम ठेवा. फरक २० च्या वर असेल तर डॉक्टरांना सांगा.

हृदयाचे ठोके अनियमित असतील तर मात्र घरच्या यंत्रावर विसंबू नये. रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने ऐकायची जी पद्धत दिली, तीत डॉक्टर प्रत्यक्ष आवाज ऐकतात. घरचं यंत्र ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपतं आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून हिशोबाने काढतं. ठोकेच वेडेवाकडे असले की हिशोब चुकतो.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त येत राहिलं तर उच्च रक्तदाब धरतात. घरच्या सरासरीसाठी ही रेषा १३५/८५ वर आहे. काहींचा आकडा डॉक्टर समोर दिसले की चढतो आणि घरी उतरतो. उलटी माणसंही असतात, दवाखान्यात छान, घरी-कामावर वाढलेला. ही दुसरी जात जास्त धोक्याची, कारण ती सापडतच नाही. दोघांनाही पकडायचा उपाय म्हणजे ७ दिवसांची वही. सकाळी उठल्यावर लघवी करून, चहा आणि गोळी घेण्याआधी २ वेळा, मध्ये १ मिनिट. संध्याकाळी तसंच २ वेळा. २८ नोंदी होतात. पहिल्या दिवसाच्या ४ खोडा आणि उरलेल्या २४ ची सरासरी काढा. १४३ आला तर १४३ च लिहा, १४० नको. आणि "हा चुकून आला असेल" म्हणून नकोसा आकडा गाळू नका.

वहीसोबत घरातली औषधंही डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यासाठी रोज घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, घशासाठी महिनोन्‌महिने चघळलेलं ज्येष्ठमध हे सगळे रक्तदाब वाढवतात. मिठाचा हिशोब तर पिशवीवरूनच लागतो. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. १ किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलं, आणि त्यात विकतचे पापड, फरसाण, बिस्किटं अजून धरलेलीच नाहीत.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, एका बाजूचा अशक्तपणा असं काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. यातलं काहीच नसेल तर ५ मिनिटं शांत बसून परत मोजा. तरीही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मनाने जादा गोळी घेऊ नका.

साठी ओलांडलेल्यांचं आणखी एक मोजमाप नेहमी राहून जातं. बसून मोजल्यावर उभं करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजावं, शेजारी कुणीतरी धरायला हवं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चालू गोळीचं प्रमाण आणि वेळ यांचा पुन्हा विचार करावा लागतो. रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडलेल्या आजींचं बीपी बसून अगदी १३०/८० च भरतं.