नागपूरची टोपली, मुंबईची टोपली

माझ्या भाच्याला मुंबईतली नोकरी मिळाली आणि त्याने मला दोन स्क्रीनशॉट पाठवले. एका संकेतस्थळाच्या मते मुंबई नागपूरच्या साधारण दीडपट महाग, तर दुसऱ्याच्या मते सव्वादोन पटीच्याही वर. "मामा, यातलं खोटं कोणतं?" दोन्ही खरी असू शकतात, असं मी म्हटलं. ते त्याला पटलं नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो चांगल्या शिकलेल्या माणसांतही दिसतो. श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक ८८ केंद्रांसाठी काढतो. त्यात मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर सगळी आहेत. लोक तक्ता उघडतात आणि ज्या शहराचा आकडा मोठा ते शहर महाग, असं ठरवून मोकळे होतात. पण या मालिकेत प्रत्येक केंद्राचा २०१६चा आकडा १०० धरलेला आहे, मुंबईचाही आणि सोलापूरचाही. घरोघरी दाराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलने मांडतात, तसंच हे. शेजारच्या पोराची रेघ यंदा जास्त वर सरकली, म्हणून तो तुमच्या पोरापेक्षा उंच ठरत नाही. हा निर्देशांक शहराची तुलना त्याच्याच भूतकाळाशी करतो, दुसऱ्या शहराशी नाही. सरकारी घरभाडे भत्त्यासाठी केलेल्या शहरांच्या वर्गवारीचंही असंच. मुंबई 'एक्स' वर्गात आणि नागपूर 'वाय' वर्गात आहे ते लोकसंख्येमुळे, तिथलं घरभाडं मोजून नव्हे.

मग दोन शहरांची तुलना करायची कशी? भाच्याच्या वहीतलेच आकडे हिशेबासाठी गोल करून घेतले. नागपुरात ९०० चौरस फुटांचं घर, फुटाला १५ रुपये भाडं, म्हणजे १३,५००. किराणा, दूध, भाजी १६,०००. स्कूटरवर महिन्याला ५०० किलोमीटर, किलोमीटरला ३ रुपये, म्हणजे १,५००. एकूण ३१,०००. आता हीच टोपली, म्हणजे याच वस्तू तेवढ्याच प्रमाणात, उचलून मुंबईत नेऊ. फुटाला ६० रुपये धरले तर तेवढ्याच घराचे ५४,००० झाले. किराणा दहा टक्के महाग, म्हणजे १७,६००. लोकलचा प्रवास किलोमीटरला ५० पैसे धरला, तर २५०. बेरीज ७१,८५०. मुंबई २.३२ पट महाग!

पण नागपूरहून आलेलं कुठलं कुटुंब मुंबईत ९०० फुटांचं घर घेतं? ते ४०० फुटांत भागवतं, दूर राहतं आणि महिन्याला १,६०० किलोमीटर लोकलने जातं. ही मुंबईची टोपली. तिची मुंबईतली किंमत २४,००० अधिक १७,६०० अधिक ८००, म्हणजे ४२,४००. तीच टोपली नागपूरच्या भावाने ६,००० अधिक १६,००० अधिक ४,८००, म्हणजे २६,८००. आता मुंबई फक्त १.५८ पट महाग. भाव तेच, शहरं तीच, फक्त टोपली बदलली. नागपूरच्या ३१,००० ची बरोबरी करायला एका हिशेबाने मुंबईत ४९,००० पुरतात, दुसऱ्याने ७२,००० लागतात.

हा पेच नवा नाही. जर्मन अर्थतज्ज्ञ एटिएन लास्पेअर यांनी १८७१ मध्ये हॅम्बुर्गच्या बाजारभावांवर काम करताना जुन्या काळाची टोपली धरली. त्यांचेच देशबांधव हेर्मान पाशे यांनी १८७४ मध्ये, हॅम्बुर्गचेच भाव घेऊन, नव्या काळाची टोपली धरली. त्यांच्यासमोर दोन काळ होते, आपल्यासमोर दोन शहरं आहेत, गणित तेच: जुनी टोपली म्हणजे आपली नागपूरची, नवी म्हणजे मुंबईची. माणूस महाग वस्तू कमी घेतो आणि स्वस्त वस्तूकडे वळतो, हे पहिल्या पद्धतीत दिसतच नाही, म्हणून ती फुगवून सांगते. दुसरी पद्धत माणूस आधीच आक्रसला आहे असं धरून चालते. गेलेल्या ५०० फुटांचं दुःख तिच्या हिशेबात शून्य.

आणि कूलरचं काय करायचं? नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. गच्चीवरून कूलर उतरवायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाकीत पाणी भरायचं, हे घरोघरी चालतं. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने बाष्प होतं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे तोच कूलर दादरच्या खोलीत लावला तर नुसती ओल वाढते. म्हणजे वस्तू तीच, पण तिने भागणारी गरज तिथे भागत नाही. मग कूलरसमोर कूलर ठेवायचा की एसी? रशियन अर्थतज्ज्ञ अलेक्झांडर कोन्यूस यांनी १९२४ मध्ये या प्रश्नाची दिशाच फिरवली. टोपली नव्हे, समाधान तेवढंच ठेवा आणि ते मिळवायला कमीत कमी किती खर्च येतो ते विचारा. मला हा विचार फार आवडतो. अडचण एवढीच, की समाधान तागडीत घालता येत नाही.

व्यवहारी तोड अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांची. १९२२ मध्ये त्यांनी शंभराहून अधिक सूत्रं तपासली आणि ज्याला 'आदर्श' म्हटलं ते साधं आहे: दोन्ही उत्तरांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. आपल्या उदाहरणात ते १.९१ येतं, म्हणजे ३१,००० च्या जागी साधारण ५९,४००.

तिसरं शहर आलं की पुन्हा गाठ बसते. नागपूर ते पुणे हे गुणोत्तर आणि पुणे ते मुंबई हे गुणोत्तर, दोन्ही फिशरच्या पद्धतीने काढून गुणली, तर थेट नागपूर-मुंबईचं उत्तर येईलच असं नाही. इटलीचे कोराडो जिनी आणि नंतर १९६४ मध्ये हंगेरीचे एल्टेटो व कोव्हेश आणि पोलंडचे शुल्त्स यांनी मार्ग दाखवला: प्रत्येक शहरावरून जाणारी वाट धरा, थेट वाट दोनदा मोजा, आणि सगळ्या उत्तरांची गुणोत्तर सरासरी घ्या. तीन शहरं असतील तर थेट उत्तर दोनदा आणि पुण्यावरून येणारं एकदा, अशा तिन्ही उत्तरांचा गुणाकार करून घनमूळ. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात हीच पद्धत वापरतात. त्यातूनच कळलं, की २०१७ मध्ये बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता, पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढं भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होतं. अमेरिकेतल्या मुलाच्या पगाराला थेट विनिमय दराने गुणणाऱ्या आईवडिलांनी हा आकडा जवळ ठेवावा.

'जगातली सर्वांत महागडी शहरं' या मथळ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. मर्सर या सल्लागार कंपनीची यादी कंपन्या परदेशात पाठवतात त्या कर्मचाऱ्यांसाठी असते आणि तुलना न्यूयॉर्कशी, डॉलरच्या हिशेबात असते. रुपया घसरला की मुंबई त्या यादीत खाली येऊ शकते, मग दादरच्या बाजारात टोमॅटो कितीही महागलेला असो. तरी दरवर्षी आपल्याकडे मथळा होतोच.

भाच्याला मी एकच काम दिलं: मुंबईत काय सोडशील आणि काय सोडणार नाहीस ते लिहून काढ. काल त्याचा कागद आला. घर ४५० फूट चालेल, स्कूटर विकणार, संत्री पेटीनेच घेणार. आणि शेवटी पेनाने अधोरेखित: आई उन्हाळ्यात दोन महिने येणार, एसी लागेल.